वर्णनात्मक निबंध कसा लिहावा: आधी नीट पाहा, मग मांडा

परीक्षा जवळ आली, की विद्यार्थी आणि पालकांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. 'चार-पाच ओळींपुढे सुचतच नाही, काय करू?' 'निबंध पाठ करून गेलं तर चालेल का?' 'म्हणी आणि सुविचार किती घालावेत?' 'एकही चूक नसताना गुण कमी का पडले?' प्रश्न वेगवेगळे दिसले, तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. वर्णन करायचं म्हणजे विशेषणं घालायची, असा समज शाळेतल्या पहिल्या निबंधापासून घट्ट होऊन बसतो. मग 'सुंदर', 'रम्य' आणि 'विलोभनीय' लिहून झालं, की पेन थांबतं.

वर्णनात्मक निबंधाचं काम साधं आहे. तुम्ही जे पाहिलंत, ते न पाहिलेल्या माणसाला दिसलं पाहिजे. त्यासाठी निरीक्षण, निवड आणि क्रम या तीन गोष्टी लागतात. तिन्ही सरावाने येतात. उपजत प्रतिभेची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

विषय नेमका काय मागतो, ते आधी ओळखा

एकच विषय चार प्रकारे विचारला जाऊ शकतो. 'जत्रा' हा शब्द दिसला म्हणून लगेच लिहायला बसू नका. प्रश्नाचा रोख पाहा:

- 'आमच्या गावची जत्रा' हे वर्णन आहे. जत्रा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे.
- 'जत्रेत मी हरवलो तेव्हा' हा प्रसंग आहे. काय घडलं आणि त्यानंतर काय घडलं, याला महत्त्व. वर्णन पार्श्वभूमीपुरतं.
- 'मी जत्रेतला पाळणा बोलतोय' हे आत्मकथन आहे. पाळण्याच्या जागेवरून जे दिसतं तेवढंच लिहायचं.
- 'जत्रांची आज गरज आहे का?' हा वैचारिक निबंध आहे. इथे बाजू मांडायची आणि कारणं द्यायची.

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात. 'वर्णनात्मक' असं वेगळं नाव दिसलं नाही, म्हणून हा अभ्यास सोडू नका. प्रसंगलेखनात जागा, माणसं आणि वातावरण उभं करावंच लागतं आणि आत्मकथनही वर्णनावरच तोललेलं असतं.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक खुलासा. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता 'वर्णनात्मक' झाली, याचा अर्थ उत्तरं पर्याय निवडून न देता सविस्तर लिहायची. तिथला निबंध मुख्यतः विचारप्रधान असतो. या लेखातल्या युक्त्या तिथे उदाहरणं जिवंत करण्यापुरत्या उपयोगी पडतील.

पर्याय असतील, तर पाहिलेलं निवडा

'काश्मीरमधील हिमवृष्टी' आणि 'आमचे एसटी स्टँड' असे दोन विषय समोर असतील आणि तुम्ही काश्मीर पाहिलं नसेल, तर स्टँड निवडा. हिमवृष्टी भारदस्त वाटते. पण न पाहिलेल्या बर्फावर तुम्ही तेच लिहाल, जे शेजारच्या बाकावरचा लिहील. स्टँडवरचा फलाट, चौकशी खिडकीपुढची रांग, गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा हे तुमच्याकडे तयार आहे.

निवड करताना स्वतःला तीन प्रश्न विचारा:

1. या विषयातलं मी प्रत्यक्ष काय पाहिलं आहे?
2. इतरांना सहसा माहीत नसेल असं त्यातलं एक तरी मला माहीत आहे का?
3. दिलेल्या शब्दमर्यादेत हे मावेल का?

तिन्हींची उत्तरं मनासारखी आली, तर विषय तुमचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर दुसरा पर्याय पाहा.

पहिली पाच मिनिटं कच्च्या टिपणाला द्या

थेट पहिलं वाक्य लिहायला घेऊ नका. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर 'कच्चे काम' असं लिहून सुटे शब्द टिपा. वाक्यं नकोत. समजा, विषय आहे 'आमच्या गावचा आठवडी बाजार'. टिपण असं होईल:

- दिसतं ते: ठोकलेली पालं, गोणपाटावरचे वाटे, डालग्यातल्या कोंबड्या, उपरण्याखाली चाललेला बैलांचा सौदा
- ऐकू येतं ते: 'वीसला वाटा', टेम्पोचा हॉर्न, घासाघीस
- वास: ओली मेथी, मिरची, भज्यांचा घाणा
- स्पर्श आणि चव: चटका देणारं ऊन, कागदाच्या पुड्यातली गरम शेव
- माणसं: आजी, मिरचीवाला, सौदा करणारे दलाल
- वेळ: पालं ठोकण्यापासून बाजार उठेपर्यंत

आता यातलं निम्मं खोडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच निबंध पसरतो. जे कोणत्याही बाजाराला लागू पडेल ते आधी काढा. टेम्पोचा हॉर्न कुठेही वाजतो. उपरण्याखालचा सौदा मात्र प्रत्येक बाजारात दिसत नाही, तो ठेवा. पाच-सहा ठळक तपशील उरले, की पुरे.

पाचही इंद्रियं प्रत्येक निबंधात आलीच पाहिजेत, असं नाही. डोळा आणि कान यांच्या जोडीला एखादा वास किंवा स्पर्श आला, तरी चित्र भरतं. चव उगाच कोंबू नका.

क्रम एकच धरा

तपशील चांगले असूनही निबंध विस्कळीत वाटतो, कारण नजर एका जागी ठरत नाही. मंदिराचा कळस, मग पायऱ्या, मग गाभारा, पुन्हा कळस असं झालं, की वाचणारा चुकतो. विषयानुसार क्रम असा ठरवा:

- जागा: बाहेरून आत किंवा दुरून जवळ. किल्ल्यासाठी पायथा, वाट, दरवाजा, माथा.
- घटना किंवा सोहळा: वेळेनुसार. तयारी, भर, ओसरणं.
- व्यक्ती: आधी काम किंवा सवय, मग रूप, मग स्वभाव. जन्मगाव आणि शिक्षण यांनी सुरुवात केलीत, तर ते परिचयपत्र होईल.
- ऋतू किंवा निसर्ग: एक जागा पक्की करा आणि तिथे होणारे बदल टिपा.
- वस्तू: ती कुठे असते, तिने काय करतात, ती नसेल तर काय अडतं.

दोन क्रम एकत्र चालवायचे असतील, तर ते एकमेकांना धरून हवेत. बाजाराच्या निबंधात सकाळ ते संध्याकाळ हा वेळेचा क्रम आणि भाजीपासून बैलांपर्यंत हा जागेचा क्रम एकत्र जाऊ शकतो. पुढचा नमुना तसाच आहे.

एकच परिच्छेद दोन प्रकारे

आधी नेहमी लिहिला जातो तसा मजकूर पाहू:

'आमच्या गावात दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. बाजार खूप मोठा असतो. तेथे खूप गर्दी असते. बाजारात विविध प्रकारच्या वस्तू मिळतात. ताज्या भाज्या, रसाळ फळे, रंगीबेरंगी कपडे पाहून मन प्रसन्न होते. लहान मुले आनंदाने बागडत असतात. खरोखर, बाजाराचे ते दृश्य अतिशय विलोभनीय असते.'

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण 'बाजार' खोडून 'प्रदर्शन' किंवा 'जत्रा' लिहा. जवळजवळ सगळी वाक्यं तशीच चालतील. शब्द बदलूनही जे वर्णन चालतं, ते कशाचंच वर्णन नसतं. ही कसोटी स्वतःच्या प्रत्येक परिच्छेदाला लावा.

आता तोच विषय टिपणावरून:

'गुरुवारी सकाळी एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत पाले ठोकली जातात. नऊच्या सुमारास टेम्पोतून मेथीच्या जुड्या उतरू लागतात आणि ओल्या मेथीचा वास रस्त्यापर्यंत येतो. बायका गोणपाट अंथरून वांग्यांचे, टोमॅटोचे वाटे लावतात. "वीसला वाटा, वीसला वाटा" हा पुकारा दुपारपर्यंत थांबत नाही. भाजीच्या ओळी संपल्या, की मिरचीवाले बसतात. तेथून जाणारा प्रत्येक जण एकदा तरी शिंकतोच. पलीकडे लिंबाखाली बैलांचा सौदा चालू असतो. दोन माणसे उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी भाव सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. ऊन कलले, की भाजी उतरते. माझी आजी मुद्दाम तेव्हाच पिशवी घेऊन निघते आणि सकाळच्या पैशांत दुप्पट जुड्या आणते. दिवेलागणीला पाले सुटतात आणि उरलेल्या देठांवर गाई येतात.'

दोन्हींत फरक कशाने पडला, ते पाहा:

- 'खूप' आणि 'विविध' गेले. त्यांच्या जागी मेथी, वांगी, मिरची, बैल आले.
- 'सुंदर'च्या जातीचं एकही विशेषण नाही. 'ओल्या' हे विशेषण राहिलं, कारण मेथीचा वास कशामुळे सुटला ते त्यातून कळतं.
- गर्दी सांगितली नाही, ऐकवली. पुकारा ऐकला, की गर्दी आपोआप कळते.
- एका तपशिलावर नजर थोडी थांबली. उपरण्याखालच्या हातांना दोन वाक्यं मिळाली. सगळ्याच गोष्टींना सारखी जागा दिली असती, तर यादी झाली असती.
- भावना कृतीतून आली. आजीला बाजाराची नस माहीत आहे, हे तिच्या निघण्याच्या वेळेवरून समजतं.

'पाल', 'वाटा', 'जुडी', 'भाजी उतरणे' हे शब्द बाजारातलेच आहेत. ज्या जागेचं वर्णन करता, तिथली माणसं वापरतात ते शब्द घ्या. एखादा शब्द माहीत नसेल, तर वस्तू सरळ सांगा. शब्द बनवू नका.

व्यक्तीचं वर्णन: गुण सांगू नका, पुरावा द्या

'आमच्या शाळेतील शिपाईकाका' या विषयावर 'काका अतिशय प्रेमळ, कष्टाळू आणि वक्तशीर आहेत' असं वाक्य ठरलेलं असतं. तीन गुण सांगितले; काका मात्र दिसले नाहीत. त्याऐवजी:

'घंटा देण्याआधी काका आधी मनगटावरचे आणि मग ऑफिसमधले घड्याळ पाहतात. दोन्हींत मिनिटाचा फरक असला, तर ऑफिसातल्या घड्याळावर विश्वास ठेवतात. पाऊस असला, की मधल्या सुट्टीत पहिलीच्या मुलांना ते रांगेने नळापर्यंत नेतात; एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कोणाचा तरी डबा.'

वक्तशीर आणि प्रेमळ हे शब्द न लिहिताही पोहोचले. व्यक्तिवर्णनासाठी सोपी रीत अशी: एक सवय, एक बोलण्याची लकब, एक प्रसंग. तीन बाबी नेमक्या असल्या, तर नाक-डोळ्यांची यादी लागत नाही.

कोणाच्या व्यंगाचं, गरिबीचं किंवा जातीचं वर्णन गंमत म्हणून करू नका. जिवंत माणसावर लिहिताना त्याचा मान राखणं ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.

ऐतिहासिक स्थळ: माहितीची गर्दी टाळा

'मी पाहिलेला किल्ला' या विषयावरचे निबंध हमखास इतिहासाच्या पुस्तकात शिरतात. रायगडावर लिहिताना 6 जून 1674 रोजी शिवराज्याभिषेक झाला, हे यायला हवं. पण निबंधभर सनावळ्याच आल्या, तर गड कुठे दिसणार?

माहिती दृश्याला बांधा. बाजारपेठेच्या उंच जोत्यांपाशी उभे राहून लिहा, की घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून ही जोती एवढी उंच बांधली, असं सांगतात. मेघडंबरीपाशी राज्याभिषेकाचा उल्लेख करा. जगदीश्वराच्या मंदिरासमोर समाधीबद्दल लिहा. प्रत्येक माहिती त्या त्या जागी आली, की ती पाठ केलेली वाटत नाही.

दोन पथ्यं पाळा:

- दंतकथेला दंतकथा म्हणा. हिरकणीची गोष्ट सांगताना 'अशी कथा सांगतात' एवढे शब्द पुरतात.
- सनावळी किंवा आकडा खात्रीचा नसेल, तर गाळा. चुकीचा आकडा सगळ्या निबंधावरचा विश्वास घालवतो.

पाऊस सगळीकडे सारखा नसतो

'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय वर्षानुवर्षं येतो. बेडूक, कागदाच्या होड्या, गरम भजी यांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरतात. यातून बाहेर पडायचं असेल, तर तुमचा पाऊस लिहा.

- कोकणात राहत असाल, तर पावसाआधी पडवीला बांधलेल्या झड्या, भाताचा तरवा, चिखलातली लावणी.
- मराठवाड्यात किंवा विदर्भात असाल, तर मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे लागलेले डोळे, सोयाबीन किंवा कपाशीची अडलेली पेरणी, पहिल्या पावसानंतर बियाण्याच्या दुकानापुढची रांग.
- मुंबईत असाल, तर रुळांवर पाणी साचल्याची घोषणा, थांबलेल्या लोकलमधली कुजबुज, डब्यात ठिबकणाऱ्या छत्र्या.
- परदेशात राहून मराठी लिहीत असाल, तर तिथल्या पावसाचं वर्णन करा. आजीकडून ऐकलेला पाऊस स्वतः पाहिल्यासारखा लिहू नका. ऐकलेला म्हणूनच लिहा, त्यालाही गोडी असते.

भाषा: काय ठेवायचं, काय काढायचं

- नेमकं नाम. 'झाड'ऐवजी चिंच किंवा उंबर. 'भांडे'ऐवजी कळशी, तांब्या, पातेले.
- नेमकं क्रियापद. पाऊस भुरभुरतो, झोडपतो, कोसळतो, उघडतो. 'पाऊस खूप जोरात पडतो' या चार शब्दांचं काम 'झोडपतो' एकटा करतो.
- नादाचे शब्द. पत्र्यावर ताडताड, जात्याची घरघर, वाळक्या पानांची चुरचुर. मराठीत असे शब्द भरपूर आहेत. जो आवाज खरोखर ऐकलात, त्याचाच शब्द घ्या.
- काळ एक ठेवा. नेहमी घडणाऱ्या गोष्टीला वर्तमानकाळ, एकदाच पाहिलेल्या गोष्टीला भूतकाळ. मध्येच काळ बदलला, तर गुण जातात.
- 'करावे' की 'करावं'? परीक्षेत निवेदन 'करावे', 'झाले', 'घरे' असं लिहा. पात्राच्या तोंडी 'करावं', 'झालं', 'घरं' चालतं. एरवी काहीही निवडा, पण शेवटपर्यंत तेच ठेवा.
- बोली. माणसांच्या बोलण्यात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी अवश्य आणा. ती अवतरणचिन्हांत ठेवा आणि बाकी निवेदन प्रमाणभाषेत करा. बोलीतला संवाद म्हणजे चूक नव्हे.
- उपमा. सुचली आणि स्वतःची असली, तरच. निबंधात एक चांगली उपमा पाच उसन्या उपमांवर भारी पडते.
- म्हणी आणि सुविचार. वर्णनात त्यांची गरज फार कमी पडते. गुण वाढतील म्हणून घातलेली म्हण लगेच ओळखू येते.
- शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम काही पानांत मावतात. निदान ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराचे नियम उदाहरणांसह वाचून ठेवा.

सुरुवात आणि शेवट

सुरुवातीलाच विषयात शिरा. 'मानवी जीवनात बाजाराला अनन्यसाधारण महत्त्व आहे' अशा वाक्याने काही उघडत नाही. सुरुवातीचे तीन मार्ग भरवशाचे आहेत: एखादा आवाज, एखादी हालचाल किंवा जागा आणि वेळ सांगणारं साधं वाक्य. 'पाले ठोकली जातात' हे तिसऱ्या मार्गाचं उदाहरण.

शेवटी तात्पर्य काढायचा मोह टाळा. 'अशा प्रकारे बाजार आपल्याला एकतेचा संदेश देतो' हे वाक्य निबंधाला चिकटवलेलं दिसतं. वर्णन ज्या क्रमाने निघालं, तो क्रम पूर्ण झाला, की थांबा. बाजार उठला, गाडी सुटली, गड उतरलो: शेवट तिथेच आहे. मनात काय उरलं ते सांगायचं असेल, तर एका वाक्यात आणि तुमच्याच शब्दांत सांगा.

शब्दमर्यादा आणि वेळ

- 100 ते 150 शब्द: तीन परिच्छेद, पाच-सहा तपशील, एकच जागा. प्रस्तावना एका वाक्याची.
- 250 ते 300 शब्द: चार किंवा पाच परिच्छेद. एखादी व्यक्ती आणि छोटा संवाद यांना जागा मिळते.
- त्याहून मोठा, स्पर्धेसाठीचा निबंध: जागेचा इतिहास, बदल, माणसांचं म्हणणं यांना वाव असतो. प्रत्येक भागात पाहिलेलं काहीतरी असलंच पाहिजे.

निबंधासाठी पंचवीस मिनिटं राखली असतील, तर पाच मिनिटं टिपण आणि क्रम, सोळा-सतरा मिनिटं लेखन आणि उरलेली वाचून तपासायला ठेवा. तपासणीची मिनिटं लेखनात खर्चू नका. गाळलेली क्रियापदं आणि सुटलेल्या वेलांट्या तिथेच सापडतात.

नेहमी होणाऱ्या चुका

1. पाठ निबंध ओतणं. मार्गदर्शकातून किंवा मोबाइलवरून पाठ केलेला मजकूर इतरांनीही पाठ केलेला असतो. शिवाय विषयात एक शब्द बदलला, तरी तो फसतो. 'माझा आवडता ऋतू' पाठ असताना 'उन्हाळ्यातील दुपार' आली, की पंचाईत.
2. मुद्द्यांचीच पुनरावृत्ती. प्रश्नात दिलेले मुद्दे म्हणजे खुंट्या. त्यांवर तुम्ही काय टांगता, त्याला गुण आहेत.
3. न पाहिलेलं रंगवणं. कोणतं फूल कोणत्या ऋतूत फुलतं, हे चुकलं की सोंग उघडं पडतं.
4. सगळं गोड दाखवणं. बाजारात चिखल असतो, जत्रेत धक्के बसतात. तेही आलं, तर वर्णन खरं वाटतं.
5. एकच लांबलचक परिच्छेद. जागा किंवा वेळ बदलली, की परिच्छेद बदला.

पालक आणि शिक्षकांसाठी

मुलाला निबंध सांगू नका, प्रश्न विचारा. 'काय दिसलं?' 'त्याच्या शेजारी काय होतं?' 'कोण काय म्हणालं?' उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहू द्या. पहिल्या कच्च्या मजकुरावर शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नका. आधी तपशिलांना दाद द्या, दुसऱ्या वाचनात चुका दाखवा. प्रत्येक ओळीवर खुणा झाल्या, की मूल पुढच्या वेळी सुरक्षित म्हणून पाठ केलेलंच लिहितं.

गुण, सवलती आणि तुमचे हक्क

- उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क. दहावी-बारावीच्या निकालानंतर राज्य मंडळाकडे गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल, तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. मुदत थोडी असते. निकालासोबतची सूचना त्याच दिवशी वाचा.
- न्यायालयाचा आधार. मंडळाच्या परीक्षेतली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिला आहे.
- अर्ज करण्याआधी. छायाप्रत विषयशिक्षकांना दाखवा. निबंध तपासायचाच राहिला आहे, की अपेक्षेपेक्षा कमी गुण आहेत, यावर पुढचा अर्ज करायचा की नाही, ते ठरवा.
- सवलती. दिव्यांग आणि अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि शाळेमार्फत अर्ज वेळेत जावा लागतो. लेखनिक मिळणार असेल, तर निबंध तोंडी सांगण्याचा सराव आधीपासून करा; लिहिणं आणि सांगणं यांचा वेग वेगळा असतो.
- स्पर्धेतल्या निबंधावरचा हक्क. स्वतः लिहिलेल्या निबंधाचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याचा असतो. 1957च्या कायद्यानुसार तो दुसऱ्याला द्यायचा, तर लेखी करार लागतो. स्पर्धेच्या अर्जातल्या अटी वाचूनच सही करा आणि निबंधाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

काय आणि कसं वाचावं

ऋतूंसाठी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', माणसांसाठी व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' आणि पु. ल. देशपांडे यांचं 'व्यक्ती आणि वल्ली', जंगलासाठी मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा', पंढरीच्या वारीसाठी इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख. गावच्या वाचनालयात यांतलं एखादं तरी सापडेल.

वाचताना एक पान निवडा. त्यातली नामं अधोरेखित करा, विशेषणांभोवती गोल काढा (पुस्तक वाचनालयाचं असेल, तर ही खूण वहीत उतरवून करा) आणि लेखकाची नजर कुठून कुठे गेली, ते बाजूला लिहा. वाक्यं उचलू नका, रीत उचला. मग पुस्तक मिटून तुमच्या विषयावर तेवढ्याच लांबीचा परिच्छेद लिहा.

आठवडाभराचा सराव

1. पहिले दोन दिवस एकाच जागेचं फक्त टिपण करा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.
2. तिसऱ्या दिवशी टिपणातलं निम्मं खोडा आणि क्रम लावा.
3. चौथ्या दिवशी न थांबता लिहा.
4. पाचव्या दिवशी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य तोडा.
5. सहाव्या दिवशी 'खूप', 'सुंदर', 'विविध', 'अतिशय' शोधून काढा. त्यांच्या जागी काय दिसलं होतं, ते लिहा.
6. सातव्या दिवशी ती जागा न पाहिलेल्या कोणालातरी वाचून दाखवा आणि त्याला काय दिसलं, ते विचारा. त्याने सांगितलेलं तुमच्या टिपणाशी जुळलं, तर वर्णन साधलं.

पहिला निबंध स्वतःच्या गल्लीवर लिहा. त्या गल्लीबद्दल परीक्षकाला काहीच माहीत नाही आणि तुम्हाला सगळं माहीत आहे. गुण मिळवायला याहून मोठी जमेची बाजू नाही.